प्रभार कुणाला हवाय?

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षकांची भांडणं कशावरून होतात, असं बाहेरच्या माणसाला विचारलं तर तो सहज म्हणेल, मुख्याध्यापकाच्या खुर्चीवरून. खरंय, पण उलट्या अर्थाने. ती खुर्ची आपल्याकडे येऊ नये म्हणून भांडणं होतात. मुख्याध्यापक निवृत्तीला टेकले की सेवाज्येष्ठता यादीतल्या पहिल्या गुरुजींचा रक्तदाब वाढतो, दुसऱ्या सरांची शुगर वर जाते आणि तिसऱ्या क्रमांकावरच्या बाई लेखी देतात, ‘कौटुंबिक अडचणींमुळे प्रभार स्वीकारण्यास असमर्थ आहे.’ मराठवाड्यात केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारा, म्हणून काम करताना असे अर्ज दर मे महिन्यात माझ्याकडे यायचे, काही तर डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. शेवटी ज्याला अर्ज लिहायला उशीर झाला, त्याच्या गळ्यात प्रभार पडायचा.

यामागे साधं गणित आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पटाप्रमाणे शिक्षक ठरवून दिलेत. पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ९० पर्यंत ३, १२० पर्यंत ४. स्वतंत्र मुख्याध्यापक हवा असेल तर पट १५० च्या वर पाहिजे. वाडी-तांड्यावरच्या शाळेत एवढी पोरं आणायची कुठून? तिथे दोन-तीन शिक्षक असतात, त्यातला एक प्रभारी. तो इतरांसारखेच वर्ग शिकवतो आणि उरलेल्या वेळात शाळा चालवतो. हा उरलेला वेळ कुठून येतो, हे मला नोकरी संपेपर्यंत कळलं नाही. त्याला शिक्षक नेमता येत नाही, बदलता येत नाही. शाळेच्या खात्यातून पैसे काढायचे तर चेकवर शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांचीही सही लागते आणि अध्यक्ष नेमके त्या दिवशी फवारणीला गेलेले असतात.

शालेय नेतृत्वाच्या प्रशिक्षणात या मंडळींना ‘दूरदृष्टी’ आणि ‘संघबांधणी’ अशा स्लाइड दाखवल्या जात. चहाच्या सुट्टीत तीच मंडळी एकमेकांना विचारत, ‘तुमच्याकडं पोषण आहाराचा तांदूळ उतरला का?’

तरीही एकाच केंद्रातल्या, एकमेकींपासून सायकलच्या अंतरावर असलेल्या दोन शाळा अगदी वेगळ्या निघतात. पगार तोच, पुस्तकं तीच, तांदूळही त्याच गोदामातला. एका शाळेत तिसरीतली पोरगी पाहुण्यासमोर पुस्तक उघडून घडाघडा वाचते, दुसऱ्या शाळेत सातवीतला पोरगा नुसतं पान उलटत बसतो. फरक पडतो तो प्रभाऱ्याने गुपचूप घेतलेल्या काही निर्णयांमुळे. तपासणीच्या प्रपत्रांत स्वच्छतागृहाच्या दारापासून वृक्षारोपणापर्यंत सगळ्याला रकाने आहेत, या निर्णयांना मात्र नाही. म्हणून ते इथे सांगतो.

सगळ्यात मोठा निर्णय जूनमध्ये होतो आणि पाच मिनिटांत उरकला जातो. तो म्हणजे वर्गवाटप. सातवीपर्यंतच्या शाळांत याचा अलिखित रिवाज ठरलेला असतो. सर्वांत ज्येष्ठ गुरुजी सातवी घेणार, त्यांच्या खालचे शिष्यवृत्तीचा वर्ग, आणि नुकत्याच बदलून आलेल्या, अजून कुणाशी धड ओळख नसलेल्या शिक्षकाच्या पदरात पहिली. कारण उघड आहे. शिष्यवृत्तीचा निकाल लागला की पेपरात फोटो येतो. पहिलीचा फोटो प्रवेशोत्सवाच्या दिवशी एकदाच निघतो, हातात फुगे देऊन. शिवाय पहिलीतली पोरं रडतात, चड्डी ओली करतात, दुपारी जमिनीवर पसरून झोपतात. तांड्यावरची असतील तर घरी गोरमाटी बोलतात, मराठीशी त्यांची गाठ शाळेतच पडते. थोडक्यात, शाळेतलं सगळ्यात अवघड काम सगळ्यात नवख्या माणसाला, आणि वरून पाचवीत आल्यावर आरडाओरडा की, ‘यांचा पायाच कच्चा!’

एका तांड्याच्या शाळेत प्रभार आलेल्या बाईंनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, ‘पहिली मी घेणार.’ स्टाफ गप्प. मग ज्येष्ठ गुरुजी खाकरले.

‘बाई, तुम्ही ऑफिस बघायचं का पहिली? तालुक्याहून साहेबांचा फोन आला म्हणजे?’

‘वर्गातूनच घेते की. ऐकू द्या त्यांनाही पोरांचा आवाज.’

त्यांनी तसंच केलं. माझाही फोन त्या वर्गातूनच घेत, आणि मागच्या कलकलाटात मी विचारलेली आकडेवारी मला दोनदा विचारावी लागे. पहिले कित्येक दिवस त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. तांड्यावरच्या बायकांना दुपारी बोलावून गाणी म्हणायला लावली, पोरांना घरातल्या वस्तू आणायला सांगितल्या. फळ्यावर आईचं चित्र, त्याखाली ‘याडी’. ते सगळ्यांना वाचता येऊ लागलं तेव्हा शेजारी ‘आई’. ऑफिसच्या कपाटात आवक-जावकच्या फायलींखालचा कप्पा त्यांनी रिकामा केला आणि तिथे लहान चड्ड्यांचा गठ्ठा ठेवला, धुतलेल्या, घड्या घातलेल्या. एकदा विस्तार अधिकारी पोषण आहाराची फाइल शोधायला गेले आणि त्यांच्या हातात निळी चड्डी आली. बाई म्हणाल्या, ‘साहेब, तीपण शाळेचीच आहे.’

मुख्याध्यापकच पहिली घेतोय म्हटल्यावर पुढच्या जूनमध्ये बाकीच्यांची तोंडं आपोआप बंद झाली. ज्येष्ठ गुरुजींनी स्वतःहून दुसरीचा वर्ग मागून घेतला, असं लिहिलं तर गोष्ट गोड होईल. त्यांनी मागितला नाही. पण बाईंनी दिला तेव्हा ते नाहीही म्हणाले नाहीत, आणि ज्याला त्यांचा स्वभाव माहीत आहे त्याला यातली करामत कळेल.

या सगळ्यात ऑफिसचं काम मागे पडायचं, हे खोटं नाही. एका वर्षी ऑनलाइन माहिती भरायला उशीर झाला आणि बाईंना कारणे दाखवा नोटीस आली. ती मीच नेऊन दिली. खुलासा त्यांनी तिथेच उभ्या उभ्या लिहिला, दोनच ओळींचा. माहिती सादर करण्यास विलंब झाला हे मान्य आहे, पहिलीचा वर्ग रोज वेळेवर घेतला आहे. तालुक्याच्या ऑफिसात तो खुलासा बरेच दिवस हातोहात फिरला. समाधानकारक की असमाधानकारक, हे काही कुणी त्याच्यावर लिहिलं नाही.

आता शाळेतल्या कुलूपबंद पेटीबद्दल. प्रभार घेणं म्हणजे किल्ल्यांचा जुडगा आणि डेडस्टॉक रजिस्टर ताब्यात घेणं. रजिस्टर वाचताना हसावं की रडावं कळत नाही. लोखंडी खुर्च्या ४, पैकी ३ मोडक्या. पृथ्वीगोल १, स्टँडविना. ढोलकी १, एका बाजूने फाटलेली. मोडकं सामान फेकता येत नाही. त्यासाठी निर्लेखनाचा प्रस्ताव, समितीचा ठराव, वरची मंजुरी. एवढं कोण करणार? त्यापेक्षा मोडकी खुर्ची मोजून पुढच्या प्रभाऱ्याच्या स्वाधीन करणं सोपं. माझ्या केंद्रात काही खुर्च्या अशा होत्या की त्यांच्यावर बसलेला माणूस कुणाच्याच आठवणीत नव्हता, पण त्यांच्यावर सह्या मात्र पिढ्यान् पिढ्या झाल्या होत्या.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर लगेच, १९८७ साली, खडू-फळा योजना आली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शैक्षणिक साहित्य, असा तिचा हेतू. त्या साहित्यात विज्ञान पेटी होती, गणित पेटी होती, नकाशे, वाद्यं, खेळणी होती. देशभर त्या पेट्या पोचल्या आणि कितीतरी शाळांत कुलूप लावून ठेवल्या गेल्या. शिक्षक आळशी होते म्हणून नव्हे. रजिस्टरात नोंद होती म्हणून. वस्तू फुटली तर वसुली कुणाकडून? न वापरलेली वस्तू कधीच फुटत नाही, हा त्यातला सुरक्षित मार्ग.

अशीच एक पेटी एका तरुण प्रभारी सरांच्या वाट्याला आली. किल्ली जुडग्यात होती, पण कुलूप गंजून धरलेलं. त्यांनी अध्यक्षांकडून करवतीचं पातं मागवलं आणि मधल्या सुट्टीत, चौथीच्या पोरांच्या घोळक्यात बसून कुलूप कापलं. मी योगायोगाने तिथे होतो. झाकण उघडलं तसा कोंदट वास आला. वर पिवळ्या पडलेल्या वर्तमानपत्राचा थर, त्याखाली एकेक वस्तू कागदात गुंडाळलेली. परीक्षानळ्या, तराजू, लाकडी ठोकळे, भिंगं, चुंबक. चुंबकात जीव उरला नव्हता, टाचणी उचलता उचलता दमत होता. भिंगं मात्र लखलखीत. एका पोराने भिंग डोळ्याला लावून सरांच्या मनगटाकडे पाहिलं आणि ओरडला, ‘सर, तुमच्या हाताला रान उगवलंय!’ पाच मिनिटांत अर्धी शाळा मुंग्यांच्या मागे आणि उरलेली अर्धी उन्हात वाळकी पानं जाळायच्या मागे.

त्याच आठवड्यात एक भिंग फुटलं. सरांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘मुलांनी वापरताना फुटले.’ पुढे लेखापरीक्षणात त्यावर बोट ठेवलं गेलं आणि रजिस्टरातल्या जुन्या किमतीप्रमाणे काही रुपये त्यांच्याकडून वसूल झाले. ती पावती त्यांनी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून टाकली. गावातच राहणारे निवृत्त गुरुजी एकदा सहज आले, उघडी पेटी पाहिली आणि म्हणाले, ‘आमच्या काळात यातली एक वस्तू इकडची तिकडं झाली नाही.’ अभिमानाने म्हणाले, आणि त्यांच्या काळाच्या हिशेबाने तो अभिमान खराही होता.

कपाटातली सगळ्यात मोलाची वस्तू मात्र वेगळीच. प्रवेश निर्गम रजिस्टर. बाहेर याला जनरल रजिस्टर म्हणतात, आमच्याकडे प्रवेश निर्गम. आयुष्यभर माणूस कुठेही गेला तरी त्याचा जन्म, जात आणि गाव या रजिस्टरातल्या एका ओळीत अडकलेलं असतं. आणि त्या ओळींत एक गंमत आहे. जुनी पानं उलटलीत तर जन्मतारखेच्या रकान्यात १ जून, १ जून, १ जून असं खाली उतरत जातं. आईला विचारलं तर ‘पोळ्याच्या आगंमागं झाला’ किंवा ‘मोठा पूर आला तव्हा’ असं उत्तर मिळायचं. शाळा जूनमध्ये उघडणार, तोवर वयाची वर्षं पुरी व्हायला हवीत, मग गुरुजी १ जून टाकून मोकळे. महाराष्ट्रात त्या दिवशी शुभेच्छा देता देता लोकांचे अंगठे दुखतात, ते या गुरुजींमुळे.

याचा शाळेवर उलटा परिणाम कसा होतो ते बघा. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी कर्मचारी आधीच्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणजे १ जूनवाले सगळे ३१ मे रोजी. शिक्षकांतही १ जूनवाले भरपूर, कारण तेही अशाच शाळांतून शिकलेले. त्यामुळे ऐन शाळा उघडायच्या तोंडावर शाळाच्या शाळा रिकाम्या होतात आणि प्रभाराचे ते मघाचे अर्ज सुरू होतात. पन्नासेक वर्षांपूर्वी कुणा गुरुजींनी दौतीत बोरू बुडवून केलेली सोय आज आमच्या रिक्त पदांच्या यादीत येऊन बसते.

या एका ओळीसाठी माणसं काय काय करतात, ते प्रभाऱ्याला विचारावं. कुणाला सैन्य भरतीसाठी वय कमी हवं असतं, कुणाला पेन्शन योजनेसाठी जास्त. एकजण तर आमच्या एका बाईंना म्हणाला, ‘बाई, पाचाचा तीन करायला कितीशी शाई लागती?’ बाईंनी त्याला बसवलं, चहा दिला आणि रजिस्टरची किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली. ती साखळी तिथून पुढे त्यांनी काढली नाही.

२०२३ साली या रजिस्टरांना एकदम भाव आला. कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि महसुली कागदांबरोबर शाळांची जुनी दप्तरंही उघडली गेली. मराठवाड्यात निजामाच्या काळातले कागद उर्दूत, कुठे मोडीत. वाचणारे शोधून आणावे लागले. त्या दिवसांत दोन शाळांतला फरक मी डोळ्यांनी पाहिला. एकीकडे रजिस्टर उघडलं तर मधली पानं वाळवीने जाळीदार केलेली, आणि समोर उभ्या असलेल्या म्हाताऱ्याचं नाव नेमकं त्या भोकात गेलेलं. दुसरीकडे प्रत्येक रजिस्टर जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं, आत वाळका कडुलिंब, आणि वर पुठ्ठ्यावर वर्षांची यादी. हे कुणी केलं, म्हणून विचारलं तर तिथल्या शिक्षकांनाही नीट सांगता येईना. कुणीतरी एक जुने हेडमास्तर दर उन्हाळ्यात रजिस्टरं ऊन दाखवायला बाहेर काढायचे म्हणे. त्यांनी ते केलं तेव्हा त्याला काही किंमत नव्हती.

रजिस्टरावरून २०११ ची पटपडताळणी आठवते. आधी नांदेड जिल्ह्यात जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी पट तपासला आणि कागदावरची पोरं नि वर्गातली पोरं यांतली तफावत उघडी पडली. मग ३ ते ५ ऑक्टोबर असे तीन दिवस राज्यभर एकदम तपासणी झाली, आणि एकच पोर दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून बोटाला निवडणुकीसारखी शाई. तेव्हा गाड्या भरून पोरं फिरवणाऱ्यांच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. प्रामाणिक शाळांची काय तारांबळ उडाली, ते मात्र छापून आलं नाही. ऑक्टोबरचा पहिला आठवडा म्हणजे आमच्याकडे सोयाबीनची काढणी. खरीखुरी, पटावरची, आडनावासकट ओळखीची पोरं शेतात. एका शाळेतल्या बाई पहाटे मोटरसायकलवाल्या भावाला घेऊन बांधाबांधाने फिरल्या आणि मळणी यंत्रावरून पोरं उचलून आणली. डोक्यात भुस्सा, अंगाला खाज, तशीच रांगेत उभी. एक पोरगा आजोळी गेला होता. त्याचा मामा त्याला दुपारी घेऊन आला तेव्हा पथक निघायच्या बेतात होतं. पोराने लांबूनच बोट वर केलं. शाई लागली आणि बाई तिथेच पायरीवर बसल्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, ‘खोटी पोरं दाखवणं सोपं असेल हो सर, खरी दाखवायला जीव जातो.’

बाकीचं भराभर सांगतो. २०१५ साली प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम आला. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी पोरं स्वतःहून शिकतील असे वर्ग उभे केले होते. ते पाहायला राज्यभरातून बसा भरून शिक्षक गेले. परत येताना बहुतेकांनी एक गोष्ट नक्की आणली, ऑइल पेंटचे डबे. महिनाभरात आमच्या तालुक्यातल्या फरश्यांवर अक्षरं, अंक, सापशिडी सगळं उमटलं. एका वर्गात गुरुजी पोरांना दटावताना ऐकलं, ‘फरशीवर पाय देऊ नका, रंग जाईल!’ कुमठ्यात काय पाहिलं, असं विचारल्यावर एकाच बाईंनी वेगळं उत्तर दिलं. म्हणाल्या, ‘तिथं बाई खाली बसल्या होत्या.’ त्यांनी आपल्या वर्गातली टेबल-खुर्ची व्हरांड्यात काढली. रंग आणलाच नाही.

शाळेची नि मुलांची माहिती ऑनलाइन भरायचं सरल पोर्टलही त्याच वर्षीचं. दिवसा ते उघडायचं नाही, म्हणून प्रभारी मंडळी रात्री दोनचा गजर लावून उठत. आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यरात्री ‘चालू झालं, चालू झालं’ असे मेसेज येत आणि पाण्याच्या पाळीसारखी सगळ्यांची धांदल उडे. त्यापलीकडे त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, झोप गेली एवढंच.

पोषण आहाराचं एक चव रजिस्टर असतं. मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने जेवण चाखायचं आणि सही करायची. नियम जुनाच, पण जुलै २०१३ मध्ये बिहारमध्ये शाळेतल्या जेवणातून विषबाधा होऊन २३ मुलं दगावली, तेव्हापासून त्याच्याकडे सगळेच जरा भिऊन बघतात. बऱ्याच ठिकाणी महिन्याच्या सह्या एका बैठकीत होतात, ‘चव उत्तम’, ‘चव उत्तम’, ‘चव उत्तम’. एका शाळेत मात्र मला ‘मीठ कमी’, ‘डाळ कच्ची’, ‘आज मावशींना ताप, सरांनी केली, खारट’ अशा नोंदी सापडल्या. अक्षर लहान मुलांचं. प्रभाऱ्याने ते रजिस्टर सहावीतल्या पोरींकडे दिलं होतं, सही तेवढी तो करायचा. नियमात बसतं का? सही शिक्षकाची आहे, म्हणजे बसतं. स्वयंपाकाच्या मावशी आधी चिडल्या, मग ‘आज काय लिहिलंस गं भवाने?’ म्हणून विचारायला लागल्या.

नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरलं, न खाणाऱ्यांना केळं. अंड्याला सरकारी दर सुरुवातीला ५ रुपये, आणि थंडीत बाजारभाव त्याच्या वर. फरक कुणाच्या खिशातून, हे सांगायला नको. पैसे उशिरा, दुकानदार रोख मागणारा. एका प्रभाऱ्याने गावातल्या बचत गटाच्या बायकांशी बोलून गावरान कोंबड्यांची अंडी उधारीवर ठरवली. पोरं खूश, पण अंडी लहान-मोठी, त्यावरून मारामाऱ्या. २०२५ च्या सुरुवातीला सरकारने या अंड्यांचा निधी थांबवला. बचत गटाची उधारी त्यानंतर फिटली, ती कशी फिटली ते मी विचारलं नाही.

आता ऊसतोडीला जाणाऱ्या पोरांचं. बीडकडच्या पट्ट्यात शाळेचं खरं वर्ष जून ते दिवाळी एवढंच. ३० सप्टेंबरचा पट शिक्षकांची पदं ठरवतो, त्या दिवशी वर्ग भरलेले असतात. नंतर दसरा-दिवाळीच्या सुमाराला ट्रक लागतात आणि कोयते कारखान्याकडे निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायला जावंच लागतं, आणि आईबापांमागे पोरंही जातात. परत येतात ती मार्च-एप्रिलात. पोरं मागे राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. वसतिगृह म्हणायचं, पण बहुतेक ठिकाणी पोरं आजी-आजोबांकडे झोपतात आणि सकाळ-संध्याकाळ शाळेत जेवतात. व्यवस्थापन समितीनं ते चालवायचं, म्हणजे प्रभाऱ्यानं.

या पट्ट्यातल्या एका प्रभारी सरांकडे शंभर पानी वही होती. शासनाची नव्हे, त्यांची स्वतःची. कुठल्या घरातून किती कोयते, मुकादम कोण, ट्रक कोणत्या रात्री लागणार, मागे म्हातारं माणूस कोण राहणार, त्याला दिसतं का, चालता येतं का, सगळं त्यात. एवढी पक्की माहिती तहसीलदाराकडे नसेल. ट्रक लागण्याच्या रात्री सर बॅटरी घेऊन तिथे हजर. मीही एकदा गेलो होतो. भांड्यांची पोती, लाकडं, कोंबड्यांचं खुराडं, बांधलेली शेळी, सगळं चढत होतं. सहावीतली एक पोरगी कडेवर वर्षाचा भाऊ घेऊन उभी होती. वर्गात पहिली-दुसरी येणारी.

‘गुरुजी, तिला ठिवली आस्ती,’ बाप म्हणाला, ‘पण ही नसली तर फडावर बारकं कोण सांभाळील? दोघांनी मोळ्या बांधायच्या का पोर राखायची?’

सरांनी लहानग्यालाही आजीकडे ठेवण्याचा विषय काढला. पण म्हातारी स्वतःच पुढे आली. ‘मास्तर, पोर वयात आलीया. दोन टायमाचं जेवान तुम्ही घालताल, रातच्याला राखण कुणी करायची? माझ्याच्यानं व्हायची न्हाई.’

याला प्रपत्रात उत्तर नव्हतं. सरांनी तेव्हाच, त्या अंधारात, स्वयंपाकाच्या मावशींना गाठलं. मावशींचं घर शाळेला लागून, मुलगा पुण्याला कामाला, दोन खोल्या मोकळ्या. मोठ्या पोरींनी रात्री मावशींकडे झोपायचं, असं ठरलं, आणि त्या रात्री ट्रकवरून दोन पोरी खाली उतरल्या. पुढे आणखी काही राहिल्या. पण ती सहावीतली गेली. उचल मोठी होती, बारकं अंगावर पिणारं होतं, बापाचा हिशेब त्याच्या बाजूने बरोबरच होता. मार्चमध्ये ती परत आली तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर होती. सरांनी तिला बसवली, पास झाली की नाही हे महत्त्वाचं नव्हतं, नाव पटावर राहिलं पाहिजे होतं.

त्या उन्हाळ्यात सर माझ्याकडे आले होते, नेहमीप्रमाणे प्रभार सोडायचा अर्ज घेऊन. मी तो टेबलावर ठेवला आणि चहा मागवला. बोलता बोलता म्हणाले, ‘आपलं चुकतंय कुठं माहितीय का? उचल हातात पडल्यावर आपण जातो. पैसे घेतल्यावर माणूस काय बोलणार? उचलीच्या आधी गेलं पाहिजे, आणि बापाकडं नव्हे, मुकादमाकडं. त्यालाच म्हणायचं, पोरगी सोडून हिशेब लाव.’ अर्ज त्यांनी जाताना स्वतःच उचलून खिशात घातला.

जून संपता संपता, पहिल्या पावसानंतर, ते खरंच मुकादमाच्या ओट्यावर जाऊन बसले. मुकादमाने पान पुढे केलं, चहा पाजला, बराच वेळ यांच्याकडे निरखून पाहिलं आणि शेवटी आवाज खाली घेऊन विचारलं, ‘गुरुजी, लाजू नगा. तुमच्याकडं कोयते किती हायेत?’